‘अरिगातो-सान’मध्ये काहीच घडत नाही, तरी त्यात एवढं काय आहे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘जुन्या जपानी सिनेमांच्या याद्यांमध्ये कुठेतरी ‘अरिगातो-सान’ हे नाव येतंच. कुरोसावा, ओझू, मिझोगुची हे दिग्दर्शक समजले. पण हा सिनेमा पाहिला तर एक बस डोंगरातून जाते, माणसं चढतात-उतरतात, सगळे संथ लयीत बोलतात आणि सव्वा तासात खेळ खलास. गोड वाटला, पण त्यापलीकडे हाती काही लागलं नाही. जाणकारांना यात एवढं काय दिसतं?’

फिल्म सोसायटीत आणि रसास्वादाच्या वर्गांत हा सिनेमा मी बरीच वर्षं दाखवत आलो आहे. दिवे लागल्यावर पहिली प्रतिक्रिया बहुतेक वेळा हीच येते, की गोड आहे. ती खरीच आहे. दिग्दर्शकाने तो ठरवून गोड केला आहे. फक्त त्या बसमध्ये एक मुलगी बसलेली आहे, तिची आई तिला विकायला घेऊन चालली आहे, आणि हे आपल्याला सुरुवातीलाच कळलेलं असतं. हे माहीत असूनही आपण सव्वा तास हसतखेळत बसतो. ते कसं घडवून आणलंय हे बघायला लागलं की सिनेमा उलगडायला लागतो.

आधी ओळख उरकून घेऊ. साल 1936, कंपनी शोचिकु, दिग्दर्शक हिरोशी शिमिझु. आधार यासुनारी कावाबाताच्या 1925 सालच्या एका अगदी छोट्या कथेचा. कावाबाताला पुढे 1968 साली नोबेल मिळालं. ही कथा त्याच्या पंचविशीतली, दोन-तीन पानांची. टोकियोच्या नैर्ऋत्येला इझू नावाचं डोंगराळ द्वीपकल्प आहे. तिथल्या गावांतून निघून घाट ओलांडत रेल्वे स्टेशनच्या गावाला पोचणारी एक बस आहे. रस्ता कच्चा आणि अरुंद. हॉर्न ऐकून जो कुणी बाजूला होईल, मग तो हमाल असो, गाडीवान असो की मोळी घेतलेली बाई, त्याला ड्रायव्हर ओरडून ‘अरिगातो’ म्हणजे धन्यवाद म्हणतो. वाटेत कोंबड्या आल्या तर त्यांनाही. म्हणून सगळा मुलूख त्याला अरिगातो-सान म्हणतो. आपल्याकडे असता तर त्याचा ‘आभारराव’ झाला असता. त्याचं खरं नाव कुणी घेत नाही.

आता जरा जवळून बघू, कारण या सिनेमाची सगळी किल्ली एका छोट्याशा युक्तीत आहे आणि ती इतक्या वेळा येते की नजरेतून निसटते. कॅमेरा बसच्या पुढच्या काचेच्या जागी. समोर रस्ता, त्यावर पाठीवर ओझी घेतलेली माणसं चालली आहेत. बस जवळ जाते, हॉर्न वाजतो, माणसं कडेला सरकू लागतात. आता बस त्यांच्या शेजारून जाणार, एवढ्यात चित्र विरघळतं आणि त्याच माणसांचं दुसरं चित्र त्यातून वर येतं. हे बसच्या मागच्या बाजूने घेतलेलं. माणसं रस्त्याच्या मध्यावर परत आली आहेत आणि लहान लहान होत चालली आहेत. वरून ड्रायव्हरचा आवाज येतो. एवढंच.

प्रत्यक्ष बाजूने जाण्याचा क्षण शिमिझु दाखवतच नाही. आपण आधी त्यांच्याकडे येत असतो, आणि डोळ्याचं पातं लवतंय तोवर त्यांना सोडून निघालेलो असतो. त्यातून माणसं बसच्याच दिशेने चालत असली, तर पुढून आपल्याला त्यांच्या पाठी दिसतात आणि चेहरे दिसतात ते मागे पडल्यावर. म्हणजे एखाद्याचा चेहरा बघायला मिळावा आणि त्याच क्षणी तो दूर जाऊ लागावा, अशी ही रचना आहे. पहिल्या चार-पाच वेळा ती गंमत वाटते. पुढे पुढे तिचं ओझं वाटायला लागतं, कारण रस्त्यावरची माणसं बदलत जातात. आधी गाडीवान आणि शाळकरी पोरं, मग कामासाठी वणवण करून रिकाम्या हाताने गावी परतणारे, मग सगळा संसार पाठीवर घेतलेली कुटुंबं. युक्ती तीच, लय तीच, आभारही तसेच. बस थांबत नाही.

जपानमध्ये तेव्हा मंदीचे दिवस होते. 1930 नंतर रेशमाचे भाव कोसळले होते, आणि खेड्यापाड्यांतली कितीतरी घरं रेशमाच्या किड्यांवर जगत होती. 1934 साली ईशान्येकडे पिकं बुडाली. कर्जापायी मुलींना गिरण्यांत किंवा वेश्यावस्तीत धाडणं ही तेव्हाच्या वर्तमानपत्रांतली नेहमीची बातमी होती. सिनेमात यावर भाषण कुणीच करत नाही. प्रवाशांच्या गप्पांत मात्र ते येत राहतं, हवापाण्याच्या गप्पांइतक्या सहज: कुणाच्या घरी मूल झालं, कुणाला काम मिळालं नाही, कुणाची मुलगी गेली. ड्रायव्हर एकदा बोलून जातो, की या दिवसांत इतक्या मुली घाटापलीकडे पोचवल्या, कधी कधी वाटतं त्यापेक्षा शववाहिका चालवलेली बरी. ड्रायव्हर झालेला केन उएहारा हे वाक्य ज्या सुरात म्हणतो तो सूर ऐका. पुढचा थांबा कुठला हे सांगावं तसा. तुम्हाला जे ‘संथ लयीत बोलणं’ खटकलं ते हेच. शिमिझुला नटांनी अभिनय केलेला आवडत नसे. त्याला ते नुसते तिथे असलेले हवे असत. उएहारा तेव्हा नवा, देखणा नट होता. पुढे तो जपानचा मोठा स्टार झाला आणि दिग्दर्शक मिकिओ नारुसेच्या सिनेमांतही दिसला. इथे त्याचा देखणेपणा आणि त्याचा कोरा आवाज हे दोन्ही शिमिझुने वापरून घेतले आहेत. अख्ख्या बसचा जीव त्याच्यावर आहे, आणि तो मात्र सगळ्यांशी सारख्याच अंतराने बोलतो.

तुम्ही ‘काही घडत नाही’ म्हणता, त्याचं अर्धं कारण हे की जे घडतं ते बसच्या आत, बाकांवर घडतं. मिचिको कुवानो ही नटी ड्रायव्हरच्या मागे बसली आहे. काळ्या कॉलरचा किमोनो, हातात सिगरेट, तोंडाने फटकळ. ती या गावातून त्या गावात फिरत पोट भरणारी बाई आहे, आणि नेमकं कसं ते न सांगता सगळ्यांना कळतं. तिच्याजवळच एक मिशाळ गृहस्थ आहे, बसमधला प्रतिष्ठित माणूस, ज्याला प्रत्येक गोष्टीची तक्रार आहे आणि विकायला नेत असलेल्या मुलीकडे बघायला वेळही आहे. ही बाई त्याची अशी काही फिरकी घेते की विचारू नका. तिने बाटली काढून सगळ्या बसला दारू पाजायची आणि त्या एकट्याला टाळायचं, हा प्रसंग पुन्हा बघा. कुणी कुणाच्या शेजारी बसावं, कुणी कुणाचं घ्यावं-खावं याचे समाजातले सगळे नियम त्या बाटलीबरोबर उलटे होतात, आणि शिमिझु ते विनोद म्हणून सोडून देतो. तीन वर्षांनी हॉलीवूडच्या जॉन फोर्डने घोडागाडीत साधारण अशाच माणसांना कोंबून ‘स्टेजकोच’ हा जगप्रसिद्ध सिनेमा केला. त्याला वाटेत हल्ला घडवून आणावा लागला. शिमिझुला एक मिशी पुरली.

कुवानोबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. 1946 साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, मिझोगुचीच्या एका सिनेमाचं काम चालू असताना ती गेली. तीसच्या दशकातली जपानी शहरी, बिनधास्त स्त्री पडद्यावर कशी दिसत होती हे बघायचं असेल तर तिचे जे काही सिनेमे मिळतील ते बघावेत.

आता तो प्रसंग, ज्यासाठी मी हा सिनेमा दाखवतो.

बस थांबलेली असताना पांढऱ्या कपड्यांतली एक कोरियन तरुणी ड्रायव्हरला भेटायला येते. कोरिया 1910 पासून जपानच्या ताब्यात होता, आणि रस्ते, बोगदे, धरणं यांच्या कामांवर कोरियन मजूर मोठ्या संख्येने राबत होते. हा रस्ता तिच्या लोकांनीच बांधलाय. आता काम संपलं. टोळी मध्य जपानमधल्या शिन्शूच्या डोंगरात बोगद्याच्या कामावर चालली आहे. तिचा बाप इथेच वारला. ती सांगते, की बापाला इथे ठेवून जाते आहे. येता-जाता त्याच्या थडग्यावर पाणी घालाल का, फुलं ठेवाल का. मग आणखी थोडं बोलते. आम्ही रस्ता बांधतो आणि त्यावरून एकदाही न चालता, जिथे रस्ता नाही अशा दुसऱ्या डोंगरात रस्ता बांधायला जातो. जपानी किमोनो नेसून एकदा तुमच्या बसमध्ये बसायचं होतं. तो म्हणतो, चल, स्टेशनपर्यंत सोडतो. ती नको म्हणते. आपली माणसं चालत चालली आहेत, मीही त्यांच्याबरोबर चालेन.

ड्रायव्हरचा सगळा स्वभाव आपल्याला तोवर पाठ झालेला असतो. तो गावच्या पोरीसाठी शहरातून गाण्याची रेकॉर्ड आणतो, निरोप पोचवतो, कुणालाही नाही म्हणत नाही. आपले जुने एसटीचे ड्रायव्हर डबे, औषधं आणि लग्नाच्या पत्रिका गावोगाव पोचवत, त्याच जातीचा हा माणूस. त्याच्या चांगुलपणाला पहिल्यांदाच इथे हद्द लागते, आणि ती त्याच्या बाजूने लागत नाही. बसमध्ये जागा आहे, त्याची तयारी आहे. तिला ती उपकाराची जागा एकटीने घ्यायची नाही. मग बस सुटते आणि मघाचीच युक्ती पुन्हा येते, मागे पडत जाणारी माणसं. या वेळी त्यांतल्या एकीशी आपण बोललो आहोत, आणि पायाखालचा रस्ता कुणी केला हेही आपल्याला माहीत आहे. मग आधी मागे पडलेले सगळे गाडीवान आणि सगळ्या मोळीवाल्या एकदम आठवतात. त्या प्रत्येकीजवळ असंच काहीतरी सांगण्यासारखं असणार. फक्त बस तिथे थांबली नव्हती.

1936 सालच्या जपानी व्यावसायिक सिनेमात, प्रेमकथेच्या आणि विनोदाच्या मध्येच, कोरियन मजूर बाईला एवढा वेळ आणि एवढा मान मिळतो याचं मला अजूनही आश्चर्य वाटतं. सेन्सॉर होतं, लष्कराचा जोर वाढत होता. शिमिझु त्यात निषेध करत नाही. तो तिला बोलू देतो आणि पुढे निघतो.

कावाबाताच्या कथेशी ताडून बघितलं की दिग्दर्शकाचं डोकं कसं चाललं ते कळतं. कथेत बस आहे, आई आहे, मुलगी आहे, सगळ्यांचे आभार मानणारा ड्रायव्हर आहे. मुलीचा जीव त्याच्यावर जडतो. स्टेशनच्या गावी पोचल्यावर आईच ड्रायव्हरला गळ घालते, की आज रात्र तरी पोरीला तुझ्याजवळ राहू दे, उद्यापासून ती परक्यांच्या हवाली होणार. सकाळी मुलगी रडते, आईचं मन द्रवतं आणि ती म्हणते, आता थंडी पडेल, हिला परत नेते. ऊब आली की बघू. म्हणजे विक्री रद्द झालेली नाही, पुढच्या ऋतूवर गेली आहे. फार थंड, फार धारदार कथा आहे ती.

शिमिझुने त्यातली रात्र काढून टाकली आणि काळ्या कॉलरची बाई घातली. ड्रायव्हरने पै-पै साठवली आहे. त्याला सेकंडहँड शेव्हरोले घेऊन स्वतःचा धंदा करायचा आहे. घाटात मुलीचं रडणं आरशात बघताना त्याचं लक्ष उडतं आणि बस कड्याच्या तोंडाशी जाते. बाईच्या नजरेतून ते सुटत नाही. शेवटाकडे ती त्याला हळूच सुचवते, की गाडी घेतली असं समज, तेवढ्या पैशात ही पोर बाजारात वाट्यावर विकली जायची वाचेल. घाट ओलांडून गेलेल्या बायका परत येत नाहीत हे ती स्वतःवरून जाणते. वाक्य एका दमात येतं आणि जातं. तो हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. आणि पुढचं चित्र दुसऱ्या दिवशीचं! बस उलट्या दिशेने निघाली आहे, आई आणि मुलगी आत आहेत, ती बाई नाही. प्रवासात तिची आठवण निघते.

यावर दरवेळी वाद होतो. काहींना हा शेवट सोयीचा वाटतो: नायकाने पैसे टाकले, मुलगी वाचली, सगळे खूश. माझं मत वेगळं आहे, पण ही तक्रार उडवून लावण्यासारखी नाही. शेवट सुखाचा आहेच, आणि सुख घाईने उरकलंय. मात्र त्या सुखाची किंमत सिनेमाने आधीच सांगून ठेवली आहे: एक मुलगी म्हणजे एक जुनी मोटार. घाटापलीकडे गेलेल्या बाकीच्या मुलींसाठी तेवढ्या मोटारी कुणाकडे आहेत? शिवाय ज्या बाईच्या शब्दावर हे घडलं, तिला सोडवायला कुणी गाडीचे पैसे मोडले नव्हते. निर्णयाचा क्षण शिमिझु गाळतो, तो रस्त्यावरच्या माणसांच्या बाजूने जाण्याचा क्षण गाळतो तसाच. आधीचं दाखवतो आणि नंतरचं दाखवतो. सिनेमाभर डोळ्यांना ज्याची सवय लावली, तीच रीत त्याने कथेच्या शेवटाला लावली आहे, म्हणून मला तो शेवट पळवाट वाटत नाही.

तंत्राबद्दल थोडंसं, कारण आज याचं अप्रूप कळत नाही. जपानचा पहिला यशस्वी पूर्ण बोलपट 1931 सालचा, म्हणजे आपल्या ‘आलम आरा’च्याच वर्षीचा. बोलपट आल्यावर आवाजाच्या यंत्रांपायी जगभरचा सिनेमा स्टुडिओत जखडला गेला होता. मोटारीतला प्रसंग असला की गाडी जागच्या जागी हलवायची आणि मागच्या पडद्यावर रस्ता पळवायचा, ही सर्रास पद्धत होती. शिमिझु खरी बस घेऊन खऱ्या घाटात गेला. खिडकीबाहेर पळणारी झाडं, वळणावर चेहऱ्यांवरून सरकणारं ऊन, बाकांवरून उसळणारे प्रवासी हे सगळं खरं आहे. म्हणूनच त्या सिनेमात आजही 1936 चा इझू बघायला मिळतो: ती घरं, ती वळणं, तसे चालणारे लोक. माहितीपटवाले ज्यासाठी जीव टाकतील असा ऐवज इथे एका हलक्याफुलक्या धुनेखाली सहज पडून आहे. ती धून मात्र जरा जास्तच वाजते, हे कबूल.

मग एवढा चांगला दिग्दर्शक मागे का पडला? शिमिझु 1903 चा, ओझूच्याच वयाचा आणि त्याचा दोस्त. त्याने दीडशेहून जास्त सिनेमे केले आणि त्यांतले पुष्कळ आज नाहीतच. युद्धपूर्व जपानी सिनेमाचा फार मोठा भाग आग, बॉम्बफेक आणि हेळसांड यांत गेला. पाश्चात्त्य महोत्सवांनी पन्नाशीच्या दशकात जपानला शोधलं तेव्हा त्याचा बहर ओसरला होता. शिवाय तो ‘मोठा’ सिनेमा करतच नसे. मिझोगुचीने म्हणून ठेवलंय, की ओझू आणि मी कष्टाने सिनेमा करतो, शिमिझु मात्र प्रतिभावंत आहे. असा माणूस इतिहासाच्या पुस्तकात नीट बसत नाही. 2009 साली अमेरिकेतल्या क्रायटेरियन कंपनीने त्याच्या चार सिनेमांचा डीव्हीडी संच काढला, तेव्हापासून बाहेरच्या प्रेक्षकांत त्याचं नाव पसरलं. ‘अरिगातो-सान’ तुमच्या यादीत आला तो बहुधा त्याच वाटेने.

पुन्हा बघणार असाल तर दोन सूचना. वेग वाढवून बघू नका. हल्ली सव्वापट वेगाने सिनेमे बघायची खोड लागलीय, आणि इथे तर लय हाच सगळा मामला आहे. आणि एकदा सबटायटलकडे दुर्लक्ष करून नुसते रस्त्यावरचे लोक बघा: कोण कुठल्या दिशेने चाललंय, पाठीवर काय आहे, बस गेल्यावर कोण वळून बघतं आणि कोण बघत नाही.

आवडला तर पुढे 1938 चा ‘आन्मा तो ओन्ना’ बघा. डोंगरातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी आलेले आंधळे मालिशवाले आणि टोकियोहून आलेली एक बाई, एवढीच गोष्ट, तीही तासाभराची. त्यानंतर 1941 चा ‘कान्झाशी’, ज्यात किनुयो तानाका आणि चिशू र्यू आहेत. ऐन युद्धाच्या तोंडावरचा, आणि युद्धाचं नावही जवळजवळ न घेणारा. 1948 चा ‘हाचि नो सु नो कोदोमोताची’ सगळ्यांत शेवटी ठेवा. युद्धानंतर शिमिझुने अनाथ मुलांना स्वतःजवळ घेऊन वाढवलं आणि त्याच मुलांना घेऊन, स्टुडिओ सोडून, उद्ध्वस्त जपानच्या रस्त्यांवर तो सिनेमा केला. ‘अरिगातो-सान’ आधी पाहिला असेल, तर त्यातल्या रस्त्याने चालणाऱ्या पोरांची तुम्हाला वेगळी ओळख करून द्यावी लागणार नाही.